सात घरांची भिक्षा

अण्णाच्या लेकीचा, उमाचा, फोन आला तेव्हा मी उदगीरच्या घरी अंगणात दाढी करत बसलो होतो. "काका, अण्णा गेले," एवढंच ती म्हणाली आणि मग नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला. दाढी कशीबशी आटोपली, धुतलेला सदरा चढवला आणि मिळेल त्या बसनं भालकी गाठली. माझ्या वयाला आता प्रवास सोसत नाही, पण त्या दिवशी ते ध्यानातही आलं नाही. गेलो तेव्हा अण्णाला बसता करून ठेवलं होतं. आमच्या लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. कपाळभर भस्म, गळ्यात झेंडू, आणि डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग. त्याची बायको भागीरथीअक्का शेजारी भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. येणाऱ्या प्रत्येकाकडे सरळ बघत होती.

मातीच्या वेळी माझ्यामागं उभा असलेला एक तरुण दुसऱ्याला हलक्या आवाजात म्हणाला, "हेच ना ते, मठातून बाईसंगं पळून आलेले?" मी वळून पाहिलं नाही. खड्डा उघडा असताना माणसानं वाद घालू नये. पण घरी परतल्यावर तो एक शब्द काही केल्या मनातून जाईना. पळून... अण्णा, म्हणजे गुरुपादय्या, आयुष्यात कशापासून पळाला असेल, असं मला आठवत नाही. जे घडलं ते डोळ्यांनी पाहिलेले आता फार थोडे उरलो आहोत. म्हणून हे लिहायला बसलो.

मठाचं आणि त्या गावाचं नाव लिहीत नाही. मठ आजही आहे, तिथं आजही कुणालाही दोन वेळचं जेवण मिळतं, आणि आज तिथं असलेल्या माणसांचा या गोष्टीशी काही संबंध नाही. ठाणाकुशनूरपासून आत जाणाऱ्या वाटेवर ते गाव आहे, एवढं पुरे. मी तिथं गेलो तेव्हा निजामावरची पोलीस अ‍ॅक्शन नुकतीच झाली होती. सरकारी शाळेत अजून उर्दूच चाले आणि माझ्या वडिलांना वाटे की पोराला मराठी आणि कन्नड दोन्ही नीट यावं. त्यांनी मला मठात आणून सोडलं. मठात आम्ही दोन तऱ्हेचे विद्यार्थी होतो. एक माझ्यासारखे, शिकून पुढं संसाराला लागणारे. दुसरे मठाला दिलेले, भगवी वस्त्रं घातलेले, जन्मभर ब्रह्मचर्य पाळणारे. गुरुपादय्या या दुसऱ्यांतला. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा. मठाधिपतींना आम्ही सगळे अप्पा म्हणायचो, आणि अप्पांच्या मागं गादीवर हाच बसणार हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. लोक त्याला 'देवरू', म्हणजे देव, म्हणत, वाकून पाया पडत. मी एकदा तसं म्हणालो तर माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाला, "मला देवरू म्हणू नगं. अण्णा म्हण." तेव्हापासून तो माझा अण्णा.

तो मूळचा अफजलपूरकडचा, भीमेकाठच्या एका जंगम घरातला. आईबापांची मुलं जगत नव्हती. हा जगला तर मठाला देऊ असा नवस त्यांनी केला होता, आणि हा जगला. पण ही गोष्ट इथं संपत नाही, आणि पुढं जे झालं ते कळायला हवं असेल तर एवढं ध्यानात ठेवावं लागेल. तो जाणता झाल्यावर अप्पांनी एका शिवरात्रीला त्याला सगळ्या गावासमोर उभं केलं आणि विचारलं, "आईबापानं दिलं म्हणून व्रत घेऊ नगंस. नको असंल तर आत्ता सांग, गाडी जुंपून देतो, घरी जा." अण्णा म्हणाला, "मला पायजे, अप्पा." खणखणीत आवाजात म्हणाला. मी तिथं होतो.

स्वामी म्हटल्यावर जी मूर्ती डोळ्यांपुढं येते तसा तो नव्हता. उंचापुरा, आवाज मोठा, भूक मोठी. विहिरीत उडी मारली की काठावरचे भिजायचे. वचनं गायचा तेव्हा सूर कुठल्या कुठं जायचा, पण अर्थ सांगायला लागला की कुळव हाकणारी माणसं बैल थांबवून ऐकत. आणि हट्टी! एखादं सूत्र पाठ व्हायचं नाही तोवर जेवायचा नाही, आणि पाठ झालं की दोघांचं जेवायचा.

भागीरथी घोंगडी विणणाऱ्या धनगराची लेक. रझाकारांच्या धामधुमीत त्यांचं गाव जळालं, बाप त्यातच गेला. मायलेकी मठाच्या धर्मशाळेत आल्या त्या तिथंच राहिल्या. दोघी मठाच्या मुदपाकखान्यासाठी ज्वारी दळायच्या आणि उरलेल्या वेळात भागीरथी लिंबाखाली लोकर कातत बसायची. आमचा वर्ग ओसरीवर भरे, सगळं तिला ऐकू जाई. एकदा अण्णा आम्हाला वासना कशी जिंकावी ते समजावून सांगत होता. त्या विषयावर तो बरेच दिवस रेंगाळला होता. खालून आवाज आला, "देवरू, ज्यानं जिंकली त्यो सारखं तिचंच कामून बोलायलाय?" आम्ही तोंडात उपरणी कोंबली. अण्णा आधी लाल झाला आणि मग आमच्याहून मोठ्यानं हसला. त्या दिवसानंतर मात्र त्यानं तो विषय शिकवला नाही.

पुढं त्या दोघांत काय आणि कसं वाढत गेलं ते मी सांगू शकत नाही. मी तिथं नव्हतो, आणि असतो तरी सांगितलं नसतं. मला दिसलं ते एवढंच, की अण्णा झगडला. उपास धरले, वाळला. अप्पांना सांगून दुसऱ्या मठात शिकायला म्हणून गेला, आणि वर्षभरासाठी गेलेला माणूस उन्हाळ्याच्या आत परत आला. आला तो थेट लिंबाकडं बघतच आत शिरला. मला तेव्हाच कळायला हवं होतं... कदाचित कळलंही असेल.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळची पूजा उरकून अप्पा बाहेर येऊन बसले होते, मी त्यांच्यासमोर मुलांच्या पाट्या पुसत होतो. मी तोवर लहान मुलांना शिकवायला लागलो होतो. अण्णा आला, लोटांगण घातलं आणि उठलाच नाही. तसाच जमिनीकडं तोंड करून म्हणाला, "अप्पा, माझं व्रत मोडलंय."

अप्पांनी डोळे मिटले. "कुणासंगं?"

"भागीरथी. तिला दिवस गेलेत."

"आन् कुणाला ठाव हाय?"

"तुमाला. आन् आता ह्याला," असं म्हणून अण्णानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज शिवरात्रीच्या दिवशीचाच होता.

अप्पांनी निरोप धाडला आणि दुपारपर्यंत पाटील आले. मठाचा कारभार सिद्रामप्पा पाटलांच्या सल्ल्यानं चाले. वाईट माणूस नव्हे. मठासाठी त्यांनी रझाकारांच्या बंदुकीपुढं उभं राहून दाखवलं होतं. त्यांनी सगळं आधीच ठरवून टाकलं होतं. मायलेकींना सोलापूरला पाठवायचं, तिथं गिरणीत बायकांना काम मिळतं. देवरूला पुन्हा दीक्षा द्यायची. "कळत नव्हतं तवा आईबापानं दिलेलं व्रत," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "त्ये व्रतच न्हवं. मग मोडलं काय आन् ऱ्हायलं काय? नव्यानं घ्या."

सुटायला एवढी रुंद वाट होती. अप्पांनीही ती अडवली नाही. अण्णा उठून उभा राहिला. "पाटील, शिवरात्रीला मी तुमच्याच म्होरं उभा होतो. कळत होतं मला. समजून घेतलं आन् समजून मोडलं. आता त्ये आईबापाच्या डोक्यावर कामून टाकू?"

"आरं, गप ऱ्हायला तुझं काय जायलंय? गादी मिळायलीय!"

"मी आज गप ऱ्हायलो तर तिला जल्मभर गप ऱ्हावं लागंल."

पाटील उपरणं झटकून निघून गेले.

अप्पांना काही सुचेना. त्यांनी आमच्या शास्त्रीबुवांना विचारलं. शास्त्रीबुवा उदगीरचे ब्राह्मण, आम्हाला संस्कृत शिकवायला येत, मठात येऊन स्वतःचं जेवण स्वतः रांधून खात, पण अण्णावर त्यांचा फार जीव. ते खाकरत म्हणाले, "जुन्या शास्त्रात अशा विद्यार्थ्याला अवकीर्णी म्हटलंय. म्हणजे सांडलेला. त्यानं गाढवाचं कातडं पांघरायचं आणि सात घरी भिक्षा मागायची, प्रत्येक दारात आपलं कर्म स्वतःच्या तोंडानं सांगून. पण हे आता कोण करतंय, अप्पा? ग्रंथात असतं."

"ते तुमच्याकडलं शास्त्र. आमच्या मताला ते लागू न्हाई," अप्पा म्हणाले.

"कातडं मिळायचं न्हाई," कोपऱ्यातून अण्णा म्हणाला, "पण गावात सात घरं हायत की."

आम्हाला वाटलं, तो कडवटपणानं बोलला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं झोळी खांद्याला लावली. मठाच्या विद्यार्थ्यांनी गावात भिक्षा मागायची रीत होतीच, तिथं नवल नव्हतं. मी धावत त्याच्याबरोबर गेलो. काय करतोस म्हणून विचारत राहिलो, तो झपाझप चालत राहिला. पहिलं दार पाटलांचं. पाटलीणबाई नेहमीप्रमाणं सुपात पीठ घेऊन आल्या, वाकल्या. अण्णानं झोळीचं तोंड हातानं धरून ठेवलं.

"वैनी, आधी ऐका, मग वाढा. माझं व्रत मोडलंय. भागीरथी माझी बायको हाय. तिच्या पोटात माझं लेकरू हाय. ऐकून वाढावं वाटलं तर वाढा."

बाई तशाच उभ्या राहिल्या. सुपातलं पीठ वाऱ्यानं थोडं उडालं. मग त्या आत गेल्या आणि दार लागलं. पुढच्या घरी उंबऱ्यावर पाणी ओतलं गेलं. त्याच्या पुढच्या घरी एका म्हाताऱ्यानं अशा शिव्या दिल्या की मीच दोन पावलं मागं सरलो. अण्णा प्रत्येक दारात तेच शब्द तितक्याच मोठ्यानं बोलत होता, एक कमी नाही की जास्त नाही. शेवटच्या घरी एक तेलीण म्हातारी राहायची, एकटीच. तिनं सगळं ऐकून घेतलं, कानामागं हात धरून पुन्हा एकदा सांगायला लावलं आणि आत जाऊन एक भाकरी घेऊन आली. झोळीत टाकताना थांबली. "पोटुशी हाय म्हणालास न्हवं?" पुन्हा आत गेली, दुसरी भाकरी आणली, वर लोणच्याची फोड. "ही तिला दे. ह्या दिवसांत आंबट लागतंय." तोवर अण्णाचा आवाज एकदाही हलला नव्हता. मठाकडं परतताना मात्र तो वाटेतल्या दगडावर बसला आणि बराच वेळ उठला नाही.

त्यानं हे रोज केलं. पहिले काही दिवस गाव तमाशा बघावा तसं जमलं, पोरं मागून त्याचेच शब्द ओरडत फिरली. मग त्यातली गंमत गेली. एक माणूस रोज येतो, आपलं पाप सांगतो, मिळेल ते घेतो, न मिळेल तर पुढं जातो. हसणार किती दिवस? आणि एका सकाळी धर्मशाळेतून भागीरथी बाहेर आली. पदर कमरेला घट्ट खोचलेला, आई मागून बोटं मोडत ओरडत होती.

"तू कामून आलीस?" अण्णा म्हणाला. "व्रत माझं होतं."

"व्रत तुमचं. बोलणं माझ्यावरबी पडायलंय. घरात बसून ऐकण्यापरीस दारात उभी ऱ्हाऊन ऐकते."

त्या दिवशी पाटलांच्या दारात दोघं उभी राहिली. पाटील अंगणातच होते. आतून पाटलीणबाई आल्या, नवऱ्याकडं पाहिलं नाही, अण्णाकडंही पाहिलं नाही. भागीरथीच्या पदरात सूप रिकामं केलं आणि आत गेल्या. पाटील ओरडत राहिले. या वेळी दार उघडंच होतं.

शेतात हुरडा आला तेव्हा अप्पांनी सगळ्यांना बोलावलं. अंगण माणसांनी भरलं. "भगवं काढ," ते म्हणाले. अण्णानं वस्त्रं उतरवली, नीट घडी घालून अप्पांच्या पायाशी ठेवली. त्याच्या अंगावर माझं धोतर होतं, ते त्याला आखूड पडत होतं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "लिंगबी काढून घ्या, अप्पा!" त्यासरशी अप्पा ताडकन उठले. त्यांना रागावलेलं मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं. "त्ये मठाचं न्हवं, त्याचं हाय! जल्मला तवा बांधलंय, मातीत जाईस्तोवर त्याच्यासंगं ऱ्हाईल. मी कोण काढणारा?" मग आवाज खाली आणून ते अण्णाला म्हणाले, "लगीन मी लावणार न्हाई. तू मोडलंस त्याचं मला दुःख हाय, ते मी झाकणार न्हाई. पण तू खोटं बोलला न्हाईस. जा आता." अण्णा वाकला. अप्पांचा हात त्याच्या डोक्यावरून लवकर उचलला गेला नाही.

लग्न भालकीत झालं, एका ओळखीच्याच्या परसात. माझ्याखेरीज मोजकी माणसं. शास्त्रीबुवा उदगीरहून आले, लांब उभे राहून अक्षता टाकल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "अरे, जन्मभर हे शिकवत आलो, पण कुणी खरंच करून दाखवील असं वाटलं नव्हतं." पुढची वर्षं सोपी नव्हती. गाव बदललं तरी बोलणं पाठोपाठ आलं. कुणी खोली देईना. ज्याच्या पाया पडायला माणसं रांगा लावत तो सडकेवर खडी फोडायला जाऊ लागला. उमा जन्मली ती एका गोठ्यात. भागीरथीअक्का बाळंतिणीच्या खाटेवरून मला म्हणाली होती, "भाऊजी, म्हशीपेक्षा मी बरी हाय. मला निदान खाट हाय." नंतर अण्णा एका मिस्त्रीच्या हाताखाली पिठाच्या चक्कीवर लागला, इंजिन शिकला आणि बाजारामागं टिनाच्या खोलीत स्वतःची चक्की टाकली. भ्रष्ट अय्याच्या, म्हणजे बाटलेल्या जंगमाच्या, चक्कीचं पीठ नको म्हणून बायका दळण आणीनात. तो तरी रोज सकाळी इंजिन चालू करायचा. भागीरथीअक्का दाराशी चाळण घेऊन बसायची. "आज न्हाई आले, उद्या येतील," म्हणायची. पावसाळ्यात गावातली दुसरी चक्की बंद पडली, आणि मग आले. ज्वारी एकदा छान बारीक दळून मिळाली की तिला कुणाचा हात लागला ते पोट विचारत नाही.

राज्यं वेगळी झाली त्या वर्षी अप्पा गेले. उदगीर मुंबई राज्यात, भालकी म्हैसुरात. मी तोवर उदगीरला शाळेत शिक्षक झालो होतो. मठात पोचलो तर अण्णा फाटकाबाहेर धुळीत बसलेला, मांडीवर उमा, शेजारी भागीरथीअक्का. त्यांना आत येऊ द्यायचं नाही असं ठरलं होतं. मी फाटकावरच्या माणसांशी भांडायला लागलो तर अण्णानं माझा हात धरला. "भांडू नगं. मला आत जायचं न्हाई. अप्पा बाहेर येतीलच की." दिवसभर तो तसाच उन्हात बसून राहिला. संध्याकाळी अप्पांची स्वारी निघाली तशी तिघं उठून शेवटी चालू लागली. कुणी या म्हणालं नाही, कुणी जा म्हणालं नाही. माती द्यायची वेळ आली तेव्हा त्याच्यापुढची माणसं आपोआप सरकली. दोन्ही ओंजळी भरून त्यानं माती टाकली, मग उमाच्या मुठीतली, मग अक्कानं टाकली. पाटील समोरच होते. ते खाली बघत राहिले.

खूप वर्षांनी, दोघांचे केस पिकल्यावर, मी त्याला एकदा विचारलं होतं की कधी हळहळ वाटते का. इंजिनाचा पट्टा उतरवता उतरवता तो म्हणाला, "वाटते की. व्रत चांगलं होतं. मी त्याला पुरा पडलो न्हाई, हे खरंच हाय. पण मोडलेलं लपवून गादीवर बसलो असतो तर व्रतबी गेलं असतं, ही बी गेली असती आन् मीबी." आणि मग लगेच, "चल, जेवून घेऊ. भूक लागलीया."

परवा मी पुन्हा भालकीला गेलो होतो. रात्री मुक्काम केला. सकाळी जाग आली तर भागीरथीअक्का देवखोलीत बसली होती. ती खोली मी आधी कधी नीट पाहिली नव्हती. तिथं मूर्ती नाही, तसबीर नाही, भिंतीलगत शेजारी शेजारी मांडलेले दोन पाट. लग्नानंतर अण्णानं अक्काला स्वतः लिंगधारणा करवली होती आणि तेव्हापासून दोघं रोज एकाच वेळी, आपापलं लिंग आपापल्या तळहातावर घेऊन पूजेला बसत. उमानं परसातून बेलाची पानं आणून ठेवली होती. अक्कानं ती धुतली, पुसली आणि दोन पाटांपुढं दोन सारख्या ढिगांत लावली. हे तिच्या ध्यानात आलं असेल की नाही असं मला वाटलं, इतक्यात तिनंच माझ्याकडं न बघता म्हटलं, "ठाव हाय मला, भाऊजी. ते न्हाईत." एक वाकडं पडलेलं पान सरळ केलं. "लोक म्हणत्यात, ह्या माणसानं व्रत मोडलं. म्हणू दे. मला दिलेला सबूद त्यांनी एकबी मोडला न्हाई. मग म्या कामून त्यांची पानं मोडू?"

मग तिनं आपलं लिंग तळहातावर घेतलं, पाठ ताठ केली, आणि पूजेला बसली.